तोंडातली हलगी

परवा कवितेच्या एका बैठकीत मी माउथ ऑर्गनवर ठेका धरला. आमच्या चाळीत त्याला बाजाच म्हणतात. धुक-धुक, धुक-धुक. एक पांढरपेशा रसिक बोलला, "काहीतरी वाजव की. हा नुसता ताल झाला."

नुसता! म्हंजे सूर तुमच्या ओसरीवरचा आणि ताल आमच्या वेशीबाहेरचा. वाद्यांतसुद्धा वर्णव्यवस्था घुसवलीत काय साल्यांनो?

'शोले'नं १९७५ साली तुमचे कान बिघडवले. संध्याकाळ, एकटा माणूस, हळवी धून. वाजवणारे भानू गुप्ता थोरच, भांडण त्यांच्याशी नाही.

आता ऐका. दहा भोकं, वीस पितळी पत्त्या. सी पट्टीचा बाजा घ्या, गाणं मात्र जीमध्ये धरा. पहिली चार भोकं आत ओढा, जीचा अख्खा कॉर्ड हातात. फुंकलात की सीचा. ओढ, सोड. जीभ भोकांवर आपटली की टाळी पडते. श्वास गालातला नको, पोटातला. गोदीत ओझं उचलताना लागतो तोच.

डीफोर्ड बेली. गुलामाचा नातू. १९२७ साली 'पॅन अमेरिकन ब्लूज'मध्ये त्यानं एकट्या बाजावर आख्खी आगगाडी पळवली. मागं ढोल नाही, कुणी नाही. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा तो तारा. पण दौऱ्यावर गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली नाही, टेबल नाही. १९४१ मध्ये हाकलला. मग बूट पॉलिशचं दुकान. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत घेतला २००५ साली. मरून २३ वर्षं झाल्यावर! ओळखीचं वाटतंय ना?

लिटल वॉल्टरनं माईक आणि बाजा एकाच मुठीत आवळले, अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरायला लावला. त्याचा 'ज्यूक' १९५२ चा. आणि १९७० ला बर्मिंगहॅमची ब्लॅक सॅबथ. कत्तलखान्यात राबलेला ओझी ऑस्बोर्न 'द विझार्ड'मध्ये बाजा वाजवतो. शेजारी गिटारवर टोनी आयोमी, पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावलेला. हेवी मेटलच्या पहिल्याच रेकॉर्डवर बाजा आहे. तो काय तिथं रडायला गेलाय?

पोरांनो, एक ध्यानात ठेवा. गिटार फाटक्या आवाजात वाजत असेल तर अख्खा कॉर्ड घुसडू नका, चिखल होतो. एक-दोन भोकं, तुटक. बाजा खालच्या पट्टीचा.

पुढच्या बैठकीला मी हलगीवाला पोरगा आणतोय. त्या रसिकाला निरोप द्या, हलगी शेकायला रद्दी त्यानं आणायची.