कुलपामागील उपचार

३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराजवळच्या ‘विंटरबोर्न व्ह्यू’ या खाजगी रुग्णालयाचे गुप्तपणे केलेले चित्रण दाखविले. स्वमग्न व बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना तेथील कर्मचारी थपडा मारीत होते, खुर्चीखाली दाबून ठेवीत होते, कपड्यांनिशी थंड पाण्याच्या फवाऱ्याखाली ढकलीत होते. एका ज्येष्ठ परिचारकाने हे व्यवस्थापनाला व सरकारी तपासणी यंत्रणेला आधीच कळविले होते. त्याची दखल घेतली गेली नाही. आप्तांना झोपण्याच्या खोल्यांपर्यंत जाऊ दिले जात नसे.

या संस्थेत २४ खाटा होत्या आणि एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड आकारले जात. हा पैसा सार्वजनिक तिजोरीतला. एवढ्या खर्चात त्याच माणसाला स्वतःच्या गावी, आप्तांजवळ घर आणि सोबतीला माणूस देता आला नसता काय? परंतु रिकामी खाट नफा देत नाही. ‘मूल्यमापन व उपचार’ हे संस्थेचे घोषित कार्य. मुक्काम मात्र सरासरी १९ महिन्यांचा, काहींचा तीन वर्षांहून अधिक. भाषांतर हाच माझा व्यवसाय असल्याने या क्षेत्रातील आणखी एका शब्दापाशी मी अडखळतो : ‘आव्हानात्मक वर्तन’. ज्याला बोलता येत नाही त्याने हात झटकला, किंचाळला, दार बडवले, तर ती तक्रार ठरत नाही, लक्षण ठरते. आणि लक्षणावर उपाय म्हणून त्याला जमिनीवर दाबून धरतात.

अकरा कर्मचाऱ्यांनी गुन्हे कबूल केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सहा जण तुरुंगात गेले. संचालकांपैकी कोणावरही खटला झाला नाही. यावर आपल्यातील काही साथी तत्काळ म्हणतील की अपुरे प्रशिक्षण व लांबलचक पाळ्या हेच याचे मूळ. ते बव्हंशी खरे आहे. तरीही असहाय माणसावर उगारलेल्या हाताला कामाच्या परिस्थितीचे निमित्त पुरविणे कामगार चळवळीला शोभत नाही. तो परिचारकही पगारी नोकरच होता.

१ जून २०१४ पर्यंत अशा रुग्णालयांत अकारण ठेवलेल्यांना बाहेर काढू, असे ब्रिटिश सरकारने वचन दिले व मोडले. मे २०१९ मध्ये डरहॅम परगण्यातील ‘व्हॉर्ल्टन हॉल’मध्ये तेच चित्र पुन्हा दिसले, मालकी यावेळी एका अमेरिकी कंपनीच्या शाखेकडे होती.

आपल्याकडे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, प्रौढांच्या आजीवन निवाऱ्यासाठी ‘घरौंदा’ योजनाही आहे; तरी ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा आईबापांचा प्रश्न मिटलेला नाही आणि त्याच प्रश्नावर खाजगी वसतिगृहांचा बाजार उभा राहतो. तेथील आया व मदतनिसांची संघटना बांधणाऱ्या साथींनी मागणीपत्रकात वेतनवाढीशेजारी आणखी दोन कलमे घालावीत : तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोकरीस संरक्षण, आणि आप्तांना कोणत्याही वेळी, कोणत्याही खोलीत प्रवेश.