अ‍ॅम्प नंतर बघू

दिवाळीचा बोनस जवळ आला की ऑफिसात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. एक, "कुठला फोन घेऊ?" आणि दोन, "चांगला हेडफोन घेतोय, सोबत अ‍ॅम्प कुठला घेऊ?" पहिल्या प्रश्नाशी मला देणंघेणं नाही. दुसऱ्याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: घेऊ नकोस. निदान आत्ता तरी नको. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, म्हणून आज जरा सविस्तर.

आधी थोडं गणित करू. (घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सच्या पुढे जात नाही.) बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घ्या. स्टुडिओत वर्षानुवर्षं चालत आलेला हेडफोन. त्याचा २५० ओहमचा अवतार बघितला की लोक लगेच म्हणतात, "बापरे, २५० ओहम! याला अ‍ॅम्प लागणारच." कंपनीच्या आकड्यानुसार १ मिलिवॉट दिला की तो ९६ डेसिबल आवाज काढतो. २५० ओहममध्ये १ मिलिवॉट घालायला लागतो फक्त अर्धा व्होल्ट. फोनला लावायचं चांगलं डोंगल १ व्होल्ट देतं. व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट, म्हणजे ६ डेसिबल जास्त. झाले १०२ डेसिबल.

आता हे झालं आवाजाच्या शिखराचं. गाण्याची सरासरी पातळी त्याच्या बरीच खाली असते. अगदी संथ आलापीचं, हळू आवाजात केलेलं रेकॉर्डिंग धरू, म्हणजे सरासरी शिखरापेक्षा २० डेसिबल खाली. तरीही ८२ उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, त्याहून जास्त नको. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८९ ला ५ तास, ९५ ला सव्वा तास, आणि १०१ ला आठवड्याचा सगळा कोटा १९ मिनिटांत खलास. आपण दिवसाचे आठ तास कानाला हेडफोन लावून कोड लिहिणारी माणसं. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत, त्याचं अपग्रेड अजून कुठल्याही कंपनीने काढलेलं नाही.

मग अ‍ॅम्प लावल्यावर "आवाज खुलला" असं सगळ्यांना का वाटतं? कारण बहुतेक वेळा तो नुसता मोठा झालेला असतो. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक आपल्याला "मोठा" असा ऐकूच येत नाही, "भरीव", "स्पष्ट" असा ऐकू येतो. खात्री करायची असेल तर मल्टिमीटर काढा, १०० हर्ट्झचा सूर वाजवा, दोन्हीकडचं एसी व्होल्टेज सारखं करा आणि मित्राला केबल बदलायला लावून डोळे मिटून ऐका. किती जण फरक ओळखतात ते बघा :)

इथे एका वल्लीची आठवण काढायलाच हवी. 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने २०११ मध्ये 'ऑब्जेक्टिव्ह २' नावाच्या अ‍ॅम्पचं डिझाइन मोजमापांसकट फुकट खुलं करून टाकलं. साधे, स्वस्त चिप वापरूनही महागड्या डब्यांच्या तोडीचं काम होतं, हे त्याने आकड्यांत दाखवलं. २०१२ मध्ये तो गायब झाला, तो गायबच. त्याने गाजवलेला एक नियम मात्र लक्षात ठेवा: ज्यात हेडफोन खुपसताय त्याचा आउटपुट इंपीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी हवा. नाहीतर काही हेडफोनचा बेस फुगतो. डेस्कटॉपचं जुनं सॉकेट या परीक्षेत नापास होत असेल, तर साधं डोंगल घेतलं तरी प्रश्न सुटतो.

अपवाद आहेत. हायफायमॅनचा एचई-६ हा फक्त ५० ओहमचा, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५. ११० डेसिबलच्या शिखरासाठी त्याला जवळपास ४५० मिलिवॉट लागतात. तिथे अ‍ॅम्प हवाच. म्हणजे नुसते ओहम बघून काही कळत नाही, सेन्सिटिव्हिटी बघा. पण असा हेडफोन घेणारा माणूस मला विचारायला येत नाही.

पैसे हेडफोनवर घाला. बऱ्या अ‍ॅम्पमधला फरक मोजायला यंत्र लागतं. दोन हेडफोनमधला फरक ५-१० डेसिबलचा असू शकतो, तो कुणालाही कळतो. जुनी ७८ आरपीएमची गाणी ऐकणाऱ्याने डीटी ९९० सारखा वरच्या पट्टीत धारदार हेडफोन घेऊ नये, तबकडीची खरखर कानात सुया टोचल्यासारखी येते. तिथे १९९७ पासून टिकून असलेला सेनहायझरचा एचडी ६०० बरा. तानपुरा त्यावर मोकळा वाटतो. मात्र तो उघडा हेडफोन, बसमध्ये काही उपयोगाचा नाही. प्रवासासाठी नॉइज कॅन्सलिंग घ्या. इंजिनाची घरघर कमी झाली की आवाज आपोआप खाली ठेवला जातो, आणि तोच त्याचा खरा फायदा.

घरी रेकॉर्डिंग करणार असाल तर उलटं. गाताना बंद हेडफोनच हवा, नाहीतर तुमच्या कानातला मेट्रोनोम माइकमध्ये शिरतो आणि मिक्स करताना रडू येतं. सोनीचा एमडीआर-७५०६ हे काम १९९१ पासून करतोय. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज हाडांतून घुमतो, म्हणून बरेच गायक एक कान उघडा ठेवतात. ठेवा, पण तो कप डोक्याला चिकटून राहू द्या. ब्लूटूथचं नावही काढू नका. १०० मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे तबलजी ३४ मीटरवर बसून साथ करतोय! आणि चष्मेवाल्यांनो, जाड काडीमुळे पॅडला फट पडते आणि बेस निसटतो. अ‍ॅम्पला दोष देण्याआधी चष्मा काढून ऐका.

हो, रेकॉर्डिंगमध्ये अ‍ॅम्पची एक जागा नक्की आहे. गायिका, पेटीवाला आणि तबलजी एकाच खोलीत आहेत आणि इंटरफेसला हेडफोनचं भोक एकच आहे. अशा वेळी चार जोडण्यांचा, प्रत्येकाला वेगळं बटण असलेला साधा बेहरिंगर एचए४०० घ्या. पेटीवाल्याला जास्त हवं तर त्याने त्याचं बटण फिरवावं, गायिकेच्या कानांना त्रास नको.