पोचा आणि चीर

सेकंड इयरला असताना हॉस्टेलच्या एका सीनियरकडून मी १८०० रुपयांना सायकल घेतली. काळी, जुन्या पद्धतीची, एकदम दणकट. पुढच्या तिरक्या नळीवर कॉलेज फेस्टचा स्टिकर होता, तो तर मला फारच आवडला होता! गेल्या पावसाळ्यात स्टिकरची कड सुटली आणि खाली एक बारीक तांबडी रेघ दिसली.

"अरे, वेल्ड मार, वरून स्प्रे मार आणि एखाद्या फर्स्ट इयरवाल्याला विकून टाक," रूममेट म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. मलाही तशीच विकली होती की!

तेवढ्यासाठीच गेटबाहेरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चाकं काढली. मागच्या एका टोकाला दोरा बांधून तो पुढे हँडलच्या नळीवरून फिरवला, दुसऱ्या टोकाला आणला आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजलं. ६ मिलिमीटरचा फरक. "हे सरळ होईल. पोचा असता तरी चालला असता. चीर नाही चालत." कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे पोचा म्हणजे काय हे मला विचारावं लागलं. डेंटला मराठीत इतका फिट्ट शब्द आहे!

स्टील ठरावीक मर्यादेखालचा ताण जवळजवळ कितीही वेळा सोसतं, हे आपण परीक्षेत लिहितो. वोलरने १९व्या शतकात रेल्वेच्या अ‍ॅक्सलवर केलेल्या प्रयोगांपासून हे चालत आलंय. पण पुस्तकातला तो आलेख चीर नसलेल्या, गुळगुळीत नमुन्याचा असतो. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि खड्ड्याखड्ड्याला ती पुढे सरकते. नुसता वेल्डचा थर दिला तर खाली चीर तशीच राहू शकते. नीट करायचं तर नळीच बदलायला हवी, आणि तो खर्च सायकलीपेक्षा जास्त. त्यात माझी चीर हँडलच्या नळीला लागून. तिथे तुटली तर चाक एकीकडे, आपण तोंडावर!

मला वाटतं, आपण हॉस्टेलवाले दोन्हीकडून चुकतो. जरा वाकलेली स्टीलची फ्रेम स्टँडमागे गंजत टाकतो; ती काका सरळ करून देतील (अ‍ॅल्युमिनियमची मात्र वाकवायला जाऊ नका). आणि चिरलेली रंगवून ज्युनियरच्या गळ्यात मारतो. घेणाऱ्याने नळ्यांच्या खालून बोट फिरवावं, स्टिकर सोलून बघावेत, हे खरंच. पण तो बिचारा घरून ट्रंक घेऊन नुकताच आलेला असतो. सांगायला आपल्यालाच हवं. वर्कशॉपमध्ये क्रॅक लपवून जॉब दिला तर सर शून्य देतात; स्टँडवर तेच केलं की त्याला जुगाड म्हणायचं?

चाकं, चेन आणि सीट काकांनी ५०० ला घेतली. फ्रेम मी त्यांच्याच करवतीने मधोमध कापली. रूममेटने मला वेड्यात काढलं. सध्या पायीच जातो, आणि आठच्या लेक्चरला रोज पाच मिनिटं उशीर होतो.