डबकी राहू द्या

इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. २०२५ मध्ये शहराला ‘पाणथळ शहर’ अशी मान्यता मिळाली. अभिमान वाटतोच. पण पाणथळ म्हटले की आपल्याला तलाव आठवतो आणि तलावावरचे पक्षी. पावसाळ्यात हळदीसारखा पिवळा होऊन ओरडणाऱ्या मोठ्या बेडकाची मादी मात्र अंडी घालते ती पहिल्या पावसाने भरलेल्या उथळ डबक्यात, जिथे पिल्ले गिळायला मासे नसतात. काही आठवडे पाणी टिकले तरच त्या पिल्लांचे बेडूक होतात. नेमकी हीच डबकी आपण मुरूम टाकून, फरशी घालून बुजवतो, तीही स्वच्छतेच्या नावाने!

बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ मध्ये थांबवली. आता प्रश्न त्यांच्या जागेचा आहे. डबके गेले की बेडूक जातो, आणि बेडकांवर जगणारा बिनविषारी दिवड साप अन्नाला मुकतो. डासांची भीती खरी आहे; पण डेंगीचे डास वाढतात ते मुख्यतः कूलर, टाक्या आणि टायरांतल्या साचल्या पाण्यात. तिथे बेडूक नसतोच.

नव्या वसाहती आखताना सखल कोपरा मोकळा सोडावा, अशी आमची नगर नियोजनकारांना कळकळीची विनंती आहे. आणि अंगणात दिवड दिसला, तर काठी उचलू नका, सर्पमित्राला बोलवा.