शेळी आणि पेटी

भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें ता. १२ मे १८७५ रोजीं कुणब्यांनीं सावकारांवर चाल करून त्यांच्या वह्या व कर्जरोखे आगींत टाकले. त्यावर चौकशीचें कमिशन बसलें. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आणि इतकें होऊनहि २०१४ सालीं आमच्या राज्याला सावकारीच्या नियमनाचा कायदा पुनः नव्यानें करावा लागला. आम्ही कायद्याचा अभ्यास केला असल्यामुळें त्याची थोरवी जाणतों, तशी त्याची मर्यादाहि जाणतों. कायदा सावकाराचा हात आंखडूं शकतो. पण आषाढांत घरीं कोणी आजारी पडलें म्हणजे जे दोन हजार रुपये रात्रींतून उभे करावे लागतात, ते कायद्याच्या पुस्तकांतून निघत नाहींत. सावकाराची सत्ता त्याच्या वहींत नसून त्या रात्रींत आहे.

ती रात्र निभावण्याची दोन साधनें गोरगरिबांच्या हातीं आहेत. एक शेळी, व दुसरें बचत गटाची पेटी. दोहोंस शहरचे लोक हंसतात, म्हणूनच आम्ही आज हा विषय घेतला आहे.

शेळीचा हिशेब व्यापाऱ्यास सहज पटण्याजोगा आहे. गाभणकाळ पांच महिन्यांचा. नीट निगा ठेविली तर दोन वर्षांत तीन वेतें. धाराशिव, लातूर, सोलापूर या बाजूची काळी उस्मानाबादी शेळी असली तर एका वेतास दोन करडें हें नवल नव्हे. बैलजोडी विकली कीं शेती बसली; परंतु एक बोकड विकला तर धंदा मोडत नाहीं. थोड्या रकमेची गरज असतां मोठें भांडवल मोडावें लागूं नये, हा गुण शेळीपाशीं आहे आणि जमिनीपाशीं नाहीं. ती बाभळीच्या शेंगांवर व बोरीच्या पाल्यावर निभते. मोकाट सोडली तर कोवळीं रोपें खाते हें खरें, पण तो दोष राखणाऱ्याचा आहे, तिचा नव्हे.

मात्र शेळी एकटी पुरत नाहीं. ज्या घरीं दुसरी पुंजी नाहीं, त्या घरची शेळी गरजेच्या दिवशीं विकली जाते, भावाच्या दिवशीं नव्हे. खाटिक हें ओळखतो. दारांत उभा राहून तो नजरेनें किंमत ठरवितो, आणि घरधनीण रात्रीच्या औषधाचा विचार करीत मान हालविते. येथेंच पेटीचें काम आहे. दहा ते वीस बायकांनीं दरमहा थोडें थोडें टाकून जमविलेल्या पैशांतून त्या घरास उसने मिळाले, तर बोकड आणखी तीन महिने वाढतो आणि सणाच्या तोंडावर चांगल्या भावानें जातो. त्याच पैशांतून पेटीचें देणें फिटतें. पेटी शेळीस वांचविते, शेळी पेटी भरते.

बायका व्यवहार काय जाणणार, असें म्हणणारे गृहस्थ आमच्या वाचकांतहि असतील. त्यांनीं माण तालुक्यांतील म्हसवडची हकीकत ऐकावी. तेथील स्त्रियांनीं सहकारी बँकेसाठीं अर्ज केला, तो पुष्कळ प्रवर्तक निरक्षर म्हणून प्रथम नाकारला गेला. त्या अक्षरें शिकल्या, पुनः अर्ज घेऊन गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडीं करून दाखविण्यास तयार झाल्या. १९९७ सालीं त्यांची बँक उघडली. नाबार्डनें १९९२ सालीं गटांस बँकांशीं जोडण्याचा उपक्रम आरंभिला, तेव्हांपासून गटास तारणाशिवाय कर्ज मिळण्याची वाट झाली आहे. परंतु कर्ज मिळणें हेंच ध्येय ठरलें कीं काय होतें, तें आंध्रांत दिसलें. खासगी कंपन्यांच्या आठवडी वसुलीनें लोक इतके गांजले कीं २०१० सालीं तेथील सरकारास वटहुकूम काढावा लागला. गट बचतीनें सुरू व्हावा, कर्जानें नव्हे.

आणखी एक गोष्ट. शेळी चारते बायको, विकतो नवरा, व पैसे कोठें जातात हें गांवांतील पिठ्यास विचारावें. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानें स्त्रीनें स्वतःच्या कष्टानें मिळविलेल्या जंगम मालमत्तेचीहि पूर्ण मालकी तिचीच ठरविली आहे. शेळी जंगम मालमत्ता नव्हे काय? गटाच्या वहींत शेळी जिच्या नांवें, तिच्याच हातीं विक्रीची रक्कम, एवढा नियम गटांनीं केला तरी त्या कलमास गांवांत प्रथमच अर्थ येईल.

दुष्काळापुढें मात्र हें साधनहि थिटें पडतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सर्व गांव एकदम शेळ्या विकूं लागला कीं भाव कोसळतो, आणि पेटीवर सर्वांचा हात एकदम पडतो. म्हणून एका गांवच्या गटानें निरनिराळ्या गांवांच्या संघाशीं व बँकेशीं नातें ठेवावें, आणि चाऱ्याची तजवीज पाऊस असतांनाच करावी. रोगाचेंहि तसेंच. गुरांची बुळकांडी २०११ सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी अजून कळपच्या कळप आडवे करते. तिची लस एकदां टोंचली तर सुमारें तीन वर्षें पुरते. सरकार दहा शेळ्या व एक बोकड वांटण्याची योजना चालवितें. पण लस, गोठा आणि विमा यांची सोय शेळ्यांच्या आधीं पोंचली नाहीं, तर गरिबाच्या दारीं मदतीऐवजीं मढीं पोंचतील.

व्यापारी वाचकांकडे आमचें एक मागणें आहे. धान्याचें पोतें आपण काट्यावर घालतों, कापूस काट्यावर घालतों. मग जिवंत शेळीचाच सौदा नजरेनें, नाहींतर उपरण्याखालीं बोटें दाबून, कां व्हावा? ज्या बाजार समित्यांत आपण सभासद आहां, तेथें गुरांच्या बाजारांत जनावरें तोलण्याचा काटा आहे कीं नाहीं, व असला तर चालतो कीं नाहीं, हें येत्या बाजाराच्या दिवशीं स्वतः जाऊन पाहावें, आणि नसल्यास पुढील सभेंत विषय मांडावा.