पाकोळीच्या लाळेचे शाही सूप

चायनीज सूप म्हटले की आपल्यासमोर येते ते स्वीट कॉर्न किंवा हॉट अँड सोअर. पण चिनी मेजवानीत ज्या सुपाचा खरा मान, ते बनते चक्क पक्ष्याच्या घरट्यापासून! हे घरटे काड्यापानांचे नसते, ते असते पक्ष्याच्या लाळेचे.

आग्नेय आशियातील समुद्रकाठच्या अंधाऱ्या गुहांत एक जातीच्या पाकोळ्या राहतात. तोंडाने टक्-टक् आवाज काढायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढायची, हे त्यांचे वैशिष्ट्य. विणीच्या हंगामात त्यांच्या जिभेखालच्या ग्रंथी फुगतात. चिकट लाळेचे धागे एकावर एक चिकटवून त्या कड्यावर अर्ध्या वाटीएवढे घरटे बांधतात. या कामाला महिन्याहून अधिक काळ लागतो.

चीनमध्ये हे घरटे कसे पोहोचले? आख्यायिका अशी की, मिंग काळातील प्रसिद्ध दर्यावर्दी झेंग हे याचे जहाज वादळात सापडून एका बेटाला लागले. अन्न संपलेले. खलाशांनी कड्यावरची घरटी काढली, धुऊन शिजवली आणि खाल्ली. थोड्याच दिवसांत त्यांचे चेहरे टवटवीत दिसू लागले! मग काही घरटी सम्राटाला नजर करण्यात आली. झेंग हेच्या सफरी १४०५ ते १४३३ या काळात झाल्या, हा इतिहास आहे. घरट्यांची गोष्ट मात्र लोकांनी जपलेली दंतकथाच. 'लाल महालाचे स्वप्न' या अठराव्या शतकातील प्रसिद्ध चिनी कादंबरीतही आजारी नायिकेला खडीसाखर घालून घरट्याची पेज घेण्याचा सल्ला मिळतो. आपल्याकडे अशक्त माणसाला पेज देतात, तसेच हे.

कृती सोपी, पण चिकाटीची. घरटे काही तास पाण्यात भिजवायचे, त्यात अडकलेली बारीक पिसे चिमट्याने वेचायची आणि मग खडीसाखरेबरोबर किंवा कोंबडीच्या रश्शात वाफेवर शिजवायचे. घरट्याला स्वतःची चव जवळजवळ नसतेच! त्यात प्रथिने भरपूर असतात हे खरे. पण तारुण्य टिकवण्याची त्याची कीर्ती श्रद्धेवरच जास्त उभी आहे.

आणखी एक समजूत पाहा. पहिले घरटे चोरले की पक्षी पुन्हा बांधतो. लाळ संपली की रक्त ओकून बांधतो आणि म्हणून काही घरटी लाल असतात, असे लोक मानत. ही 'रक्ताची घरटी' सर्वांत महाग विकली जात. २०११ मध्ये मलेशियाच्या लाल घरट्यांत नायट्राइटचे प्रमाण फार आढळले आणि चीनने तेथील आयात थांबवली. नंतरच्या संशोधनात दिसले, की लाल रंग रक्ताचा नव्हेच. विष्ठेतून निघणाऱ्या नत्रयुक्त वायूंचा तो परिणाम.

रक्ताची गोष्ट खोटी निघाली, पक्ष्याचे दुःख मात्र खरे आहे. बोर्निओतील गोमांतोंग आणि नियाह गुहांत माणसे जीव धोक्यात घालून घरटी उतरवतात. उतरवण्याची घाई झाली, तर अंडी फुटतात, पिल्ले मरतात. हल्ली इंडोनेशिया-मलेशियात पाकोळ्यांसाठी खास इमारती बांधून, पक्ष्यांच्या आवाजाची ध्वनिफीत लावून त्यांना बोलावतात.

हे सारे आपल्यापासून दूर नाही. सिंधुदुर्ग किनाऱ्यासमोरच्या वेंगुर्ला रॉक्सच्या खडकाळ बेटांवर याच कुळातील पाकोळ्या घरटी करतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने त्यांच्या रक्षणासाठी काम केले आहे. उत्तर अंदमानातील 'चालीस-एक' गुहांत तर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. रवी शंकरन यांनी वेगळाच मार्ग काढला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात त्यांनी पूर्वी घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार नेमले. पिल्ले उडून गेल्यावर घरटे काढले तर पक्ष्याचे नुकसान नाही आणि माणसाची रोजीरोटीही सुटत नाही, हा त्यामागचा विचार.

पिल्ले उडेपर्यंत थांबणे, एवढेच तर मागणे आहे. वाटीभर बेचव सुपासाठी तेवढी वाट पाहायला काय हरकत आहे?