पुतळा किती उंच, हा प्रश्नच चुकीचा

नव्या पुतळ्याची घोषणा झाली की आपल्याकडे पहिली चर्चा उंचीची होते. शिल्पातली माणसे एकमेकांपासून किती अंतरावर असतील आणि पाहणारा कुठे उभा राहील, हे क्वचितच विचारले जाते. माणसांच्या शिल्पाचा बराचसा अर्थ मात्र या मधल्या जागेतच असतो. उदाहरणार्थ, फ्रान्समधील कॅले शहराने १८८४ मध्ये शिल्पकार रोदाँकडे एका स्मारकाचे काम सोपवले. त्यामागचा प्रसंग असा: १३४७ मध्ये इंग्लंडच्या राजाने घातलेल्या वेढ्यातून शहर वाचावे म्हणून सहा नागरिक गळ्यात दोर अडकवून मरणाला सामोरे गेले होते. रोदाँने एकच विजयी वीर घडवला नाही. त्याने सहाही जण घडवले. एकाच संकटात सापडलेले, तरी प्रत्येकजण आपल्या भीतीशी एकट्याने झुंजणारा. ही माणसे रस्त्याच्या पातळीवर, लोकांमध्ये उभी राहावीत, असे त्याला वाटत होते. १८९५ मध्ये ती उंच चौथऱ्यावर बसवली गेली. १९२४ मध्ये नगरभवनासमोर आणताना चौथरा खाली आला. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात सिमेंट आणि जांभ्याच्या खड्यांतून घडवलेले ‘संथाळ कुटुंब’ही असेच आहे. कावडीच्या टोपलीत मूल घेतलेला पुरुष, बरोबरीने चालणारी स्त्री आणि सोबत कुत्रा. बैठक ठेंगणी असल्याने पाहणारा त्यांच्याच वाटेवर येतो, आणि कष्टकऱ्यांचे स्थलांतर ही लांबून पाहायची गोष्ट राहत नाही.

पुतळे असे खाली, लोकांमध्ये ठेवण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की थोरांचा मान उंचीनेच राखला जातो. पण कॅलेच्या त्या सहा जणांचे धैर्य जवळून पाहिल्यावरच कळते, कारण त्यांची भीतीही तेव्हाच दिसते. दुसरा आक्षेप विटंबनेचा आहे आणि तो गंभीर आहे. मात्र नुसता चौथरा पुतळ्याचे रक्षण करत नाही. त्यासाठी देखभाल, उजेड आणि आसपास लोकांचा वावर लागतो. वाहनांच्या चौकात दुरून दिसायला उंची लागते हे खरे, पण मग पुतळा चौकातच का हवा? बाग, शाळेचे पटांगण, ग्रंथालयाचे आवार या जागा आहेतच. सावित्रीबाईंना विद्यार्थिनींच्या घोळक्यात, पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उभे केले, तर त्यांचे काम मुलींना अधिक जवळचे वाटेल. म्हणून पुतळा समित्यांनी यापुढे उंची ठरवण्याआधी शिल्पकाराला एवढे विचारावे: यात कोण कोणासोबत उभे आहे, आणि लोकांना त्यांच्यापर्यंत पोहोचता येईल का?